माशाचं एक जनुक चुकीचंच राहिलं

मंडळी, आज दुपारी पनवेलच्या घरात बसल्या बसल्या मी हरले.

माझं काम म्हणजे प्राण्यांची जनुकं डीएनएच्या साखळीत कुठे सुरू होतात, कुठे संपतात, हे डोळ्यांनी तपासून सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या डेटाबेसमध्ये नोंदवणं. आज एका माशाच्या नोंदीत सॉफ्टवेअरने शेजारची दोन जनुकं जोडून एकच केलेली दिसली. दुरुस्त करायला गेले, तर बटणच गायब! वर सूचना: माणसांकडून तपासणी बंद, यापुढे बदल होणार नाहीत.

जासईहून आलेले बाबा म्हणाले, "मंग सांग ना कोनाला तरी, चुकलंय म्हनून."

"सांगायला तिकडे कुणी उरलंच नाही, बाबा."

आता जगभरची संशोधन करणारी पोरं तीच चूक बरोबर समजून डाउनलोड करणार.

स्क्रीनवर ती नोंद अजून उघडीच आहे. बंद करून तरी काय करू, सांगा?