मनीताईचा अर्धा टीव्ही

थांबा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. नंतर म्हटलं की परत रडू येणार आणि सगळं राहून जाणार. दीड महिना झाला, रोज लिहायला बसते आणि मोबाईल बाजूला ठेवते. तर झालं असं, की त्या दिवशी आमच्या आवडत्या सिरियलचा शेवटचा एपिसोड चालू होता. मी टीव्हीच्या एकदम पुढ्यात बसलेली, कारण एक शब्द चुकवून चालणार नव्हता, दुसऱ्या दिवशी दुपारी मनीताईला सगळं सांगायचं होतं. तेवढ्यात पप्पा बाहेरून आले आणि टीव्ही बंदच केला. मी ओरडले, "पप्पा, थांबा ना, ताईला सांगायचाय शेवट!" पप्पा खुर्चीत बसले, चप्पल पण नाही काढली, आणि म्हणाले, "आते कोणले सांगशी, बेटा..."

मनीताई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची मुलगी. आम्ही पुरुषोत्तमनगरला, तिला दिलेली सारंगखेड्याच्या पुढे, तापीकाठच्या एका गावात. केळी, ऊस, मोठं घर, दारात ट्रॅक्टर. सगळे म्हणायचे मनीने नशीब काढलं. त्या घरात टीव्ही पण एवढा मोठा, भिंतभर. पण तो पुढच्या खोलीत, आणि पुढच्या खोलीत सासरे, दीर, आलेगेलेले. ताई मागे स्वयंपाकघरात. पुढे येऊन बस असं तिला कधी कोणी म्हटलं नाही. येऊ नको असंही कोणी म्हटलं नाही म्हणा. पण सासऱ्यांसमोर सून बसत नाही, हे सगळ्यांना माहीतच होतं. मग ताईने काय केलं, पोळपाट तिरका ठेवला. तसं बसलं की दाराच्या चौकटीतून टीव्हीची डावी अर्धी बाजू दिसायची. फक्त डावी. उजवीकडे कोण उभंय, कोण रडतंय, हे नुसतं ऐकायचं. आणि शेवट आला की पुढच्या खोलीतून हाक यायची, "वाढा!"... मग शेवट पण गेला.

म्हणून माझी ड्युटी. दुपारी तिची सासू आडवी झाली की ताई तिच्या बटनवाल्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायची, मी उलटा फोन लावायचा आणि उजवी बाजू सांगायची. एका सिरियलमध्ये हिरो कायम उजवीकडे उभा राहायचा, तर ताईने त्याला महिनोन्‌महिने पाहिलाच नव्हता! ती त्याला 'आवाजवाला' म्हणायची. तिचा फेवरेट कोण, तर चहाचा ट्रे घेऊन येणारा नोकर. "तोच एक रोज दिसस मन्हा बाजूले, दुसरा कोणी देखतबी नही," म्हणायची आणि खी खी हसायची.

आणि तिची मतं! मी आतापर्यंत एवढे रिव्ह्यू वाचलेत, असलं कोणी लिहीत नाही. "इतला मोठा बंगला, वीस माणसं जेवतस, भांडी कोण घासस ते एकदा दाखवा म्हना." एका पोलिसवाल्या पिक्चरमध्ये हिरॉईनला व्हिलन खोलीत कोंडून ठेवतो, हातपाय बांधून. मी टेन्शनमध्ये. ताई शांतपणे म्हणाली, "वं छोटी, तिले बांधी ठेवं, पन ताट ते आनी देतस ना? पंखाबी शे. याले कैद म्हनतस? माले चार दिन बांधी ठेवा म्हना!" मी हसून हसून खाली पडले होते तेव्हा. आता ते वाक्य आठवलं की हसूच येत नाही.

एकदाच मी तिला बाहेर काढलं. ब्लाउज शिवायचं निमित्त सांगून शहाद्याला आणली आणि सरळ पिक्चरला नेली. तिला एक पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत, अख्खा, बघायचा होता. दुसरं काही मागितलंच नव्हतं तिने. अंधारात बसल्यावर मी बघते तर काय, ताई खुर्चीत तिरकी बसलेली, मान डावीकडे. मी म्हटलं, "ताई, सरळ बस ना, इथे पूर्ण दिसतं." ती म्हणाली, "बठस वं, पन मान वयतच नही..." हळूहळू वळली. पिक्चरमध्ये एक मुलगी घर सोडून निघते. इंटरव्हलला ती बॅग घेऊन स्टँडवर उभी असते, बस यायची असते. आणि तेवढ्यात ताईचा फोन वाजला. घरी पाहुणे आलेत, स्वयंपाकाला ये. ती उठलीच. मी म्हटलं, अगं बस, सांगू टेलर उशीर करतोय. नाहीच. रिक्षात मी म्हटलं, मी मोबाईलवर बघून सांगते तुला, बस मिळाली का ते. तर म्हणाली, "नको सांगू. हाऊ पिक्चर आपण दोन्हीजणी पुरा देखसूत."

मग केळीची काढणी लागली, मजुरांचं जेवण, ताप आला तो तिने अंगावर काढला. सिरियलच्या त्या शेवटच्या एपिसोडच्या दिवशी दवाखान्यात नेलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

तेराव्याला ताईच्या सासरी गेले तर पोळ्यांना माणूस कमी, मी बसले. पोळपाट तसाच तिरका. सरळ करायला हात गेला आणि राहिला. मी मान वळवली. टीव्ही बंद होता, अर्धाच दिसत होता. ताईची सासू मागे येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मी बी सून व्हतू तं आठेच बठू. तव्हय टीव्ही नव्हता. बाहेरनं निस्तं बोलनं ऐकू ये..." आणि पदराने तोंड पुसून निघून गेली. मला तिचा खूप राग धरायचा होता. धरता पण येईना.

तो पिक्चर मी अजून पुढे बघितलेला नाही. ती मुलगी माझ्यासाठी स्टँडवरच उभी आहे.

पुढच्या आठवड्यात मला बघायला म्हसावदचे पाहुणे येतायत. मम्मी साडी काढून बसलीय. ताई कायम बजावायची, "पहिले टीव्ही कोठे शे ते देख, मंग पोऱ्या देख." तेव्हा मी तिला वेडी म्हणायचे. आता मी खरंच विचारणार आहे, सगळ्यांसमोर, चहाचा ट्रे हातात असतानाच. हसू देत त्यांना.

आणि तुम्ही? तुमच्या घरात पोळ्या लाटायच्या जागी एकदा बसून बघा ना... टीव्ही किती दिसतो तिथून? तुमच्याकडे पण कोणी अशी तिरकी बसायची का?