फळ्यावरच्या तीन चिठ्ठ्या

डहाणू रोड स्टेशनवर उतरलो, तेव्हा माझ्या नावाची पाटी घेऊन एक माणूस उभा होता आणि त्याच्या दुसऱ्या हातात चिकूची पेटी होती. मला दोन्ही गोष्टी आवडल्या नाहीत.

"जितूशेठनी पाठवलीय, साहेब. वाडीतले आहेत," तो म्हणाला. (वाडी म्हणजे इकडे चिकूची बाग.)

"स्पर्धा झाल्यावर बघू," म्हणून मी पेटी त्याच्याकडेच ठेवली.

मी सांगलीकडचा निवृत्त क्रीडाशिक्षक. बॉक्सिंगच्या रिंगबाहेर चिठ्ठी आणि पेन घेऊन बसणारा जज म्हणून बरीच वर्षं काढली. त्याआधी स्वतः खेळायचो. एका अंतिम लढतीत मी जिंकलो असं सगळं मैदान म्हणत होतं आणि हात वर झाला दुसऱ्याचा. जजांच्या चिठ्ठ्या मला कुणी दाखवल्या नाहीत. तेव्हापासून कुणी चहा विचारला तरी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. बायको म्हणते, तुम्ही देवळात प्रसादसुद्धा उलटासुलटा करून बघता. खरं आहे ते.

डहाणूच्या या स्पर्धेला जिल्ह्याबाहेरचा एक जज हवा होता. मागच्या वर्षी निकालावरून हाणामारी व्हायचीच बाकी राहिली होती. तक्रार करणारी होती मनीषा, माझी जुनी विद्यार्थिनी. गेली आठ वर्षं ती तलासरीजवळच्या एका शाळेत शिकवते आणि मुलींना बॉक्सिंगही शिकवते. जितूशेठ हे आयोजक. ते तिलाच म्हणाले, "मग तूच आण तुझा माणूस." तिनं माझं नाव दिलं. तक्रार करणारीलाच जज आणायला सांगतात, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी घरातून निघतानाच ठरवून टाकलं होतं.

स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती. तोवर मनीषाकडे जाऊन यावं म्हणून जीपच्या अड्ड्यावर गेलो. ड्रायव्हर म्हणाला, "तलासरीची आता नाय. कासाला उतरा, हायवेवरून लगेच भेटंल." मला वाटलं, गाडी भरायला थापा मारतोय. तासभर हट्टानं उभा राहिलो. शेवटी त्याच माणसाच्या पुढच्या खेपेला बसलो. कासाला उतरून हायवेपर्यंत येतो न येतो, तोच तलासरीची गाडी समोर. ड्रायव्हर नुसता हसला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून झालेली खाचरं होती. गवताच्या गंज्या रचलेल्या, मधूनच ताडाची झाडं, आणि पलीकडे डोंगर उन्हात निळे दिसत होते. मनीषा मला एका पाड्यावर (वस्तीवर) घेऊन गेली. तिथं मोहाच्या झाडाला भाताच्या तुसानं भरलेलं पोतं टांगलेलं होतं आणि एक सडपातळ मुलगी त्यावर ठोसे मारत होती. हीच सुगंधा. वय सतरा. कनिष्ठ गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. उद्या जिंकली तर राज्य स्पर्धेला जाणार आणि तिथून क्रीडा वसतिगृहाच्या निवडीत तिचं नाव लागणार. हरली तर गवताच्या वखारीत आईसोबत मजुरी करणार. हे तिनंच मला सांगितलं, अगदी सहज.

तिच्या आईनं नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. ताटावर बसताना मला वाटलं, हे बरं नव्हे. उद्या जिची लढत बघायची, तिच्या घरी जेवणं बरं नव्हे. पण भूक लागली होती आणि माऊली आग्रह करत होती. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी डहाणूला हॉलमध्ये वजनं चालली होती. सुगंधाच्या समोर क्रिशा होती, जितूशेठच्याच क्लबची. तिचे वडील माझ्याजवळ आले, नमस्कार केला आणि गोड आवाजात म्हणाले, "पाहुणे काल तलासरीला होते म्हणे. जेवण वगैरे झालं ना नीट?"

बस, एवढंच म्हणाले. पण ते वाक्य माझ्या कानात जाऊन बसलं.

मी दुसऱ्या दोघा जजांकडे पाहिलं. एक नीलेश, जितूशेठचा सख्खा भाचा. दुसरे बोईसरच्या कारखान्यातले एक अबोल गृहस्थ. जितूशेठच्या टेबलावर बसून ते ढोकळा खात होते. म्हणजे दोन मतं गेलीच, मी मनाशी म्हणालो. मागच्या वर्षीच्या भांडणानंतर जितूशेठनी पद्धत घातली होती, की लढत संपली की तिन्ही चिठ्ठ्या जजच्या नावासकट दाराजवळच्या फळ्यावर लावायच्या. मला ते नाटक वाटलं.

लढत तीन फेऱ्यांची. प्रत्येक फेरीत जिंकणारीला दहा, हरणारीला नऊ. पहिली फेरी लाल कोपऱ्यातल्या सुगंधानं घेतली. दुसरी निळ्या कोपऱ्यातल्या क्रिशानं. तिसऱ्या फेरीत क्रिशा आरडाओरड्यात पुढे पुढे येत राहिली. हॉल तिच्या नावानं दणाणत होता. पण तिचे ठोसे सुगंधाच्या हातांवर पडत होते आणि सुगंधाचा सरळ डावा हात, आवाज न करता, पुन्हा पुन्हा तोंडावर बसत होता. हे मला स्वच्छ दिसलं.

घंटा झाली. मी पेन उचललं आणि समोर क्रिशाचे वडील दिसले. ते माझ्याकडेच बघत होते. कालचे बोंबील आठवले. उद्या हे लोक म्हणतील, मास्तर भाकरीला जागला. आणि त्या दोघांचं तर आधीच ठरलेलं, माझ्या एका चिठ्ठीनं काय होणार? निदान माझ्यावर तरी बोट नको. मी लिहिलं: निळा दहा, लाल नऊ.

दोन विरुद्ध एक. हात क्रिशाचा वर झाला.

मी रागानंच फळ्याकडे गेलो. जितूशेठचा भाचा रंगेहाथ सापडणार, याची मला खात्री होती. बोईसरच्या गृहस्थांनी तिसरी फेरी क्रिशाला दिली होती. नीलेशनं, सख्ख्या भाच्यानं, मामाच्या क्लबविरुद्ध सुगंधाला दिली होती. आणि तिसरी चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती. मला तिथं मान वर करवेना.

मनीषा शेजारी येऊन उभी राहिली. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली. तिच्या मागे सुगंधा होती, हाताच्या पट्ट्या सोडत.

"सर, तुमाला मी तिसऱ्या फेरीत हरलेली दिसली का?"

"नाही," मी म्हणालो. "तू जिंकलीस."

"मंग?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते लाजिरवाणं होतं. तरी मी तिला ते सगळं सांगितलं, भाकरीपासून क्रिशाच्या वडिलांच्या नमस्कारापर्यंत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आयेला सांगू नका. तिला वाटंल, जेवण घातलं म्हणून झालं."

मी जितूशेठना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "निकाल आता नाय बदलणार, साहेब. चिठ्ठीवर सही तुमची आहे ने? पण तुमी लिहून द्या. फळ्यावर लावतो. माझ्या भाच्याला पण लोक काय काय बोलतात, त्यांना पण वाचू दे."

मी लिहिलं: 'तिसरी फेरी लाल कोपऱ्याची होती. मी ती निळ्याला दिली. मला तसं दिसलं म्हणून नव्हे, तर मला निःपक्षपाती दिसायचं होतं म्हणून.' खाली नाव घातलं. आयुष्यात मी जजांविरुद्ध पुष्कळ तक्रारी लिहिल्या. स्वतःविरुद्धची ही पहिलीच. जितूशेठनी पत्र स्वतःच्या हातानं टाचणीनं लावलं.

परतताना स्टेशनवर तोच माणूस पेटी घेऊन उभा होता. या वेळी मी ती घेतली. गाडीत उघडली, तर आत नुसते चिकूच होते. डहाणू मागे पडेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो. ज्या माणसानं माझा हात वर होऊ दिला नव्हता, तो कुणाकडे जेवला असेल, की कुणाकडे जेवला नाही हे दाखवायला निघाला असेल, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला.

चार दिवसांनी मनीषाचा फोन आला. "सर, तुमचं पत्र आता फळ्यावर नाही."

"जितूशेठनी काढलं ना?" मी ताडकन म्हणालो. "मला वाटलंच होतं."

"नाही सर," ती म्हणाली. "सुगंधानं मागून घेतलं. ग्लोव्हजच्या पिशवीत ठेवलंय. वखारीत जाते, पण संध्याकाळी पोत्यावर येतेच. पुढच्या वर्षी वरच्या गटात उतरणार आहे. म्हणते, घंटा व्हायच्या आधी तिन्ही जजना वाचायला देणार."