रस्त्याचं पाणी

माझ्या मायनं रस्त्याचं पाणी उष्टं केलं, म्हणून मुकादमानं तिच्या कमरेत लाथ घातली.

रस्त्याचं पाणी म्हणजे काय, ते सांगते. लातूर नवा जिल्हा झाला होता आणि दुष्काळ होता. रेणापूरकडून आमच्या गावाला येणाऱ्या रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं. आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया तिथं खडी फोडायच्या. जिल्हा झाल्याच्या आनंदात मंत्रीसाहेब गावात येणार होते, म्हणून टँकर आला. बाया घागरी घेऊन धावल्या. पण पाणी पिण्यासाठी नव्हतंच. साहेबाच्या जीपपुढं धुरळा उडू नये म्हणून ते रस्त्यावर शिंपडायचं होतं. शिंपडायचं कुणी? आमच्याच बायांनी.

माय सकाळपासून घागरी वाहत होती. ऊन डोक्यावर आलं. तिनं घागर तिरपी केली, ओंजळ भरली आणि प्याली. एकच ओंजळ. मुकादम पाटलाच्या भावकीतला. लाथ बसली तशी माय गुडघ्यावर पडली, पण घागर तिनं सोडली नाही.

"रस्त्याच्या पान्याला तोंड लावलीस? देवीची पालखी जाती ह्या रस्त्यानं! वत समदं नालीत. अन् घागर मातीनं घास."

तिनं वाहिलेलं चालत होतं. तिनं शिंपडलेलं चालत होतं. तिच्या घशाखाली गेलं की बाटलं. मातीवर ओतायचं पाणी, आणि त्या मातीलाही आमचा विटाळ!

मी तिथंच, स्वागताच्या कमानीखाली उभी होते. हातात साहेबाचा हार. वाड्यातली पहिली मॅट्रिक झालेली पोर, म्हणून वाड्याच्या वतीनं हार घालायचा मान मला होता. तो तात्यांनी मिळवून दिला होता. तात्या माझे सख्खे चुलते, वाड्यातले पक्षाचे पुढारी. हार नांदेडहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला. फुलं कोमेजू नयेत म्हणून तात्यांनी माझ्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवला होता. मी फुलांना पाणी पाजत होते.

माय तात्यांकडे बघून म्हणाली, "भावजी, घसा चिकटलाय वो."

तात्या जवळसुद्धा आले नाहीत. "वहिनी, आजच्या दिवस दम धरा. सायेब आपलाच हाय. जिल्हा आपला झालाय. तमाशा नका करू."

पाटलाची लाथ मला नवीन नव्हती. हे 'आपलाच' नवीन होतं. डोक्यात जाळ झाला. हार मी चिखलात फेकला, तांब्या उचलला आणि सगळ्यांदेखत मायच्या तोंडाला लावला. ती पीत नव्हती. भीतीनं तिचे दात तांब्यावर वाजत होते.

"पी माय," मी म्हणाले. ती प्याली.

मग मला मारलं. मुकादमानं नाही, तात्यांनी. कानशिलात, पाठीत, वेणी धरून. मुकादम बाजूला उभा राहून हसत होता. त्याला हात उचलायची गरजच पडली नाही. साहेब आले तेव्हा मी शाळेच्या खोलीत कोंडलेली होते. तोच हार चिखल धुऊन दुसऱ्या पोरीनं घातला. टाळ्या मला आत ऐकू येत होत्या.

दुसऱ्या दिवशी मायला कामावरून काढलं. त्यानंतर मरेपर्यंत ती कुणासमोर पाणी प्याली नाही. घरातसुद्धा भिंतीकडे तोंड करून प्यायची. माझ्यासमोरसुद्धा. ह्याची माफी माझ्याकडे नाही.

मी नांदेडला पळाले. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता लिहायला लागले. पत्रकं काढली, लाठ्या खाल्ल्या. ज्यांच्या विरोधात लिहिलं त्यांनी मला अराजकवादी म्हटलं आणि ज्यांच्या बाजूनं लिहिलं त्यांनीही. शिवी म्हणून दिली, मी नाव म्हणून ठेवून घेतली. साहेब नसला की गोंधळ माजतो म्हणे. मी पाहिलेला गोंधळ साहेब येणार म्हणूनच माजला होता.

आमच्या बायांच्या बैठकीला अध्यक्ष नसतो. मधे पाण्याची घागर असते. नवीन आलेली बाई हटकून ओंजळ पुढं करते. कुणीतरी वरून ओतेल असं तिला वाटतं. आम्ही ओतत नाही. तिच्या हातात तांब्या देतो आणि ती पिईपर्यंत थांबतो.

परवा तात्यांचा मुलगा आला. आता तो पुढारी आहे.

"ताई, गावात तुझा सत्कार ठेवलाय. मंत्रीसायेब येनार हायेत. टँकर बी सांगितलाय."

"टँकर कशाला?"

"रस्त्याला. पाऊस न्हाई, लई धुरळा हाय."

म्हणजे या खेपेला रस्ता माझ्यासाठीही भिजणार.

मी जाणार आहे. स्टेजवर नाही. टँकरच्या तोटीपाशी उभी राहणार आहे. वाड्यातली एकेक बाई तिथं सगळ्यांसमोर तांब्याला तोंड लावून पिईल. रस्त्यावर मी थेंब पडू देणार नाही. साहेबाला यायचं असेल तर धुरळा खात येऊ दे.