सुनंदाच्या वाट्याची आई

सुनंदा गेली त्याला सहा आठवडे झाले. तिला शेवटचं पाहिलं तेव्हा आई तिच्या पायांवरची सूज अंगठ्याने दाबून बघत होती. मी डबा घेऊन गेले होते. आईने डबा घेतला, पण मान वर केली नाही आणि मला राग आला. मरणाच्या दारात असलेल्या धाकट्या बहिणीचा हेवा… हो, वाटला. आयुष्यभर वाटत आला, म्हणून तिच्याविषयी लिहायचं तर तिथूनच सुरुवात केलेली बरी.

ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिच्या लघवीच्या मार्गात जन्मापासूनच दोष होता. लघवी पुरती बाहेर पडायची नाही, थोडी उलटी वर किडनीकडे चढायची. मग ताप भरायचा आणि दर तापागणिक किडनीवर एक व्रण राहायचा. देवळाली कॅम्पातल्या आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला तुंबवून धरू देऊ नका, दर दोन तासांनी पाठवा. शाळेत मुलींना जाण्यासारखी जागा नव्हती. मग आई रोज मधल्या सुट्टीत यायची आणि तिला शेजारच्या एका बाईंच्या घरी न्यायची. एकदा झालं की आत राहिलेली निघावी म्हणून थोडं थांबून पुन्हा बसवायची. दोघी परतायच्या त्या हसत, आपल्याच काहीतरी गप्पांत. मी नळापाशी उभी असायचे. आई लांबूनच मला हात करायची, बस्स, तेवढंच. एकदा मी जळून वर्गातल्या मुलींना सांगून टाकलं, की आमची सुनंदा अजून अंथरूण ओलं करते. दुसऱ्या दिवसापासून ती आईबरोबर जाईना. दिवसभर आवरून धरायची. त्या वर्षी तिला तापावर ताप आले. कारण काय ते ती आईला बोलली नाही आणि मीही नाही.

तेविसाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी किडनी बदलायचं सुचवलं. वडील तोवर राहिले नव्हते. आई म्हणाली मी देते, मी म्हणाले मीच देणार. नातेवाइकांनी माझं कोण कौतुक केलं. खरं सांगायचं तर आई सुनंदाकडे बघायची तसं तिने एकदा माझ्याकडेही बघावं, एवढाच माझा लोभ होता. शिवाय शाळेतलं पापही फिटलं असतं. रक्त जुळलं. मग शिरेत औषध सोडून एक्स-रे काढले. डॉक्टर तो फोटो उजेडावर धरून बराच वेळ बघत राहिले… मला डाव्या बाजूला किडनीच नव्हती. जन्मापासून एकच. मी घरातली धडधाकट मुलगी, म्हणून माझ्याकडे कधी कुणी पाहिलंच नव्हतं.

आईने डॉक्टरांना विचारलं, “म्हणजे ही देऊ शकत नाही?” बाकी काही नाही. मी उठून वॉर्डात सुनंदाजवळ जाऊन बसले. तिने माझा हात धरला. “ताई, ते शाळेतलं आईला कधी सांगू नकोस हं.” तिला सगळं ठाऊक होतं. माफ करायचा मोठेपणाही तिच्याच वाट्याला गेला, याचंसुद्धा मला वाईट वाटलं.

आईने किडनी दिली. तीन वर्षं चालली, या उन्हाळ्यात थांबली. सरणापाशी मनात आलं, ही आईचा तेवढा भाग बरोबर घेऊनच चालली. असलं मन घेऊन मी रडत होते.

आई आता नाशिकरोडला माझ्याकडे असते. अंघोळीआधी मी तिच्या पाठीला तेल लावते. तिच्या डाव्या कुशीवर लांबलचक व्रण आहे. माझ्यापुरती सुनंदा आता तिथेच राहते, म्हणून तिथून मी हात घाईने फिरवायचे. परवा आईने तो हात तिथेच धरून ठेवला.

“ऑपरेशनला नेत होते ना शकू, तेव्हा मला तुझीच काळजी लागली होती,” ती म्हणाली. “एक हिला दिली. उद्या तुला लागली तर मी कुठून देऊ?”

तेलाचा हात तसाच तिच्या कुशीवर राहिला आणि हे धावत जाऊन सुनंदाला सांगावंसं वाटलं.