पावण्याचा डावा पाय

लग्नाला एकोणीस वर्षं होऊन गेली तरी माझे सासरे मला एकदाही ओरडले नव्हते. वरवर ऐकणाऱ्याला हे सुख वाटेल. पण ज्यानं राजुरीच्या मळ्यातलं ते घर पाहिलंय त्याला यातली गोम कळेल. त्या घरात मामा ज्याला ओरडत नाहीत, तो त्या घरातला नव्हेच. आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला मामी म्हणतात, म्हणून मामा.

मामा माझ्या मेहुण्याला ओरडतात, गाईंना ओरडतात, विहिरीवरची मोटर चालू असली तरी ओरडतात आणि बंद पडली तर जास्त ओरडतात. माझी बायको शाळेत वर्गच्या वर्ग नुसत्या नजरेनं गप्प बसवते. तिलाही माहेरच्या अंगणात पाऊल ठेवल्या ठेवल्या "ए येडे, गाडी सावलीत लावाया काय झालं व्हतं" असं ऐकावं लागतं, आणि ते ऐकलं की तिचा चेहरा खुलतो. माझ्या वाट्याला मात्र "पावणं, बसा", "पावणं, चा घ्या" आणि "राहू द्या राव, तुमी कशाला". एकदा मी शेणाचं घमेलं उचललं, तर ते हातातून काढून घेऊन मला खुर्ची देण्यात आली. त्या अंगणात मी जितका बसलोय तितकं दुसरं कुणी बसलेलं नाही. मी अवसरी बुद्रुकचा, शेतकऱ्याच्याच घरातला. पण जावई झालो आणि माझे हातपाय शोभेचे झाले.

गेल्या हिवाळ्यात गोठ्यात एका गाईनं मामांच्या डाव्या पायावर पाय दिला. पंज्याला प्लास्टर आलं. मेहुणा नोकरीच्या ट्रेनिंगसाठी महिनाभर बाहेर होता आणि बायकोच्या शाळेत परीक्षा चालू होत्या.

"तुम्ही जा," बायको म्हणाली. "तुमचं काय, लॅपटॉप कुठंही उघडतो."

मी पुण्याहून आमची ऑटोमॅटिक गाडी घेऊन निघालो आणि मंचर, नारायणगाव, आळेफाटा करत, वाटेत दोनदा चहाला थांबून राजुरीला पोचलो. तिथं खरी अडचण निघाली ती दुधाची. मळ्यातून गावातल्या डेअरीत रोज सकाळी चार कॅन दूध जातं, ते मामांच्या जुन्या पिकअपमधून. पिकअपला क्लच, क्लचला डावा पाय, आणि डावा पाय प्लास्टरमध्ये. मळ्याच्या वाटेवर चाकोऱ्या इतक्या खोल की माझी गाडी येतानाच दोनदा पोटावर घासली होती. मामी शेजारच्या वस्तीवर फोन लावायला निघाल्या, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "मी आहे की."

इथं मला एक कबुली दिली पाहिजे. माझ्याकडे लायसन्स आहे. ते मी लग्नाआधी मंचरच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमधून मिळवलं. त्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक होता. मी महिनाभर गाडी चालवतोय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी स्टेअरिंग धरून बसत होतो आणि गाडी मास्तर चालवत होते. ते लायसन्स खरं तर त्यांच्या डाव्या पायाला मिळायला हवं होतं. पुढे आमच्या घरात गिअरची गाडी आली ती बायकोनं चालवली. मी शेजारी बसून फोनवर महत्त्वाचं बोलत असे. मग ऑटोमॅटिक आली आणि मी एका दिवसात पट्टीचा ड्रायव्हर झालो. "डावा गुडघा दुखतो म्हणून ऑटोमॅटिक घेतली," असं मी सगळ्यांना सांगत आलोय. माझा गुडघा ठणठणीत आहे. त्याला काही कामच नाही.

पहिल्या सकाळी कॅन चढवले. मामा कुबडी घेऊन डावीकडच्या सीटवर बसले आणि मी स्टेअरिंगवर. गिअरच्या दांड्यावरचे आकडे त्यांच्या तळहातानं कधीच पुसून गेले होते, तिथं नुसता गुळगुळीत गोळा उरला होता. मी किल्ली फिरवली, क्लच सोडला आणि पिकअप एक उडी मारून बंद पडली. परत चालू केली, परत बंद. तिसऱ्यांदा गाईसुद्धा वळून बघायला लागल्या.

"गाडी गार हाय," मामा म्हणाले. "थंडीचं व्हतं असं."

चौथ्यांदा निघालो. पहिल्या गिअरमध्येच निघालो आणि पहिल्यातच राहिलो, कारण दुसरा कुठं असतो ते विचारायची लाज वाटत होती. इंजिन बोंबलत होतं. वाटेत एक सायकल आम्हाला मागे टाकून गेली. मामा समोर बघत म्हणाले, "पहिल्यात बी बरी चालती ही."

मळा आणि गाव यांच्या मधून कालवा जातो. मळ्याची वाट कालव्याच्या भरावावर अशी चढते की पिकअपच्या काचेतून नुसतं आभाळ दिसतं. माथ्यावर कालव्याच्या कडेचा आडवा रस्ता, त्यापुढे पूल आणि पलीकडे गाव. चढाच्या मध्यावर मी कचरलो, पाय उचलला, गाडी बंद पडली आणि हँडब्रेक ओढला तर तो हातात नुसताच आला. त्या गाडीला हँडब्रेक फक्त दाखवायला होता, हे मला तेव्हा कळलं. मी ब्रेक दाबत दाबत गाडी तळापर्यंत मागे आणली, लांबून पळवत आणली आणि एकदाची वर घातली. मागे कॅन एकमेकांवर आपटत होते, झाकणांतून दूध उसळत होतं.

"ह्या चढाला रन लागतोच," मामा म्हणाले. "बांधलाच चुकीचा हाय."

परत आल्यावर डेअरीची चिठ्ठी बघून मामी म्हणाल्या, "आज गाईंनी पान्हा चोरला वाटतं." त्यांनी स्वतः धारा काढल्या होत्या. पिकअपच्या मागच्या फळीवरून दूध ओघळलेलं त्यांना दिसत होतं. तरी दोष गाईंवर गेला. तीन दिवस असंच चाललं. गाडी गार होती, चढ चुकीचा होता, डिझेल पातळ होतं, गाई चोर होत्या. माझ्याशिवाय मळ्यातल्या प्रत्येक वस्तूवर आळ आला.

तिसऱ्या दिवशी बायकोचा फोन आला.

"दादा ओरडले का?" तिनं पहिलंच विचारलं. वडिलांना ती दादा म्हणते.

"नाही. उलट कौतुक करतायत."

"मग तुम्ही काही शिकत नाही," ती म्हणाली. "दादांना ओरडल्याशिवाय शिकवता येत नाही. मला त्याच पिकअपवर शिकवली त्यांनी. रोज रडायचे मी. पण चढावर गाडी उचलायला लागले."

मी फोन ठेवून गोठ्यापाशी बसलो, अर्थात खुर्चीवरच. पेच साफ होता. ओरडल्याशिवाय ते शिकवणार नाहीत आणि जावयाला ते ओरडणार नाहीत. मी जन्मभर गार गाडी आणि चुकीचा चढ यांच्यात फिरत राहणार होतो. खरं सांगायचं तर मला दुधाची तितकी काळजी नव्हती. मला त्या माणसाकडून एकदा, फक्त एकदा, मेहुण्याला ऐकायला मिळतं तसं ऐकायचं होतं. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला शिव्यांचा हेवा वाटावा, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "मामा, माझं चुकतंय ते सांगा ना. चांगलं ओरडून सांगा."

मामा इतके अवघडले की त्यांनी टोपी काढून परत घातली. "आवो पावण्याला कसं बोलायचं तसलं," ते म्हणाले. "लोक काय म्हंतील?" पिकअपमध्ये आम्हा दोघांशिवाय फक्त दूध होतं.

पाचव्या दिवशी आम्ही चढाच्या मध्यावर होतो आणि माथ्यावरच्या रस्त्यानं मेंढरं आली. मोठा कळप होता, मागे घोड्यावर बिऱ्हाड. मी थांबलो. गाडी बंद पडली नव्हती. दोन्ही पाय क्लच आणि ब्रेकवर घट्ट रोवून मी मेंढरं सरायची वाट बघत बसलो. मनात हिशेब तयार होता, वाट मोकळी झाली की मागे तळाला जायचं आणि पळवत आणायची. तेवढ्यात चढाच्या कडेचा हिरवा पाला दिसला म्हणून दहाबारा मेंढरं आमच्या बाजूनं खाली उतरली आणि नेमकी पिकअपच्या मागे चरायला लागली. त्यांत दोन कोकरं होती.

"भाऊ, मागं येऊ नका बरं का," माथ्यावरून मेंढपाळ म्हणाला. "बारकी हायती."

पुढची वाट मोकळी झाली. मागची झाली नाही. मेंढपाळ काठी घेऊन उतरायला लागला, पण माझा ब्रेकवरचा पाय थरथरायला लागला होता आणि गाडी इंच इंच मागे सरकत होती. मी घाबरून पाय बदलला, नुसती रेस दिली, क्लच दाबलेलाच. इंजिन गरजलं आणि गाडी आणखी मागे आली. आरशात मला एका कोकराचे कान दिसले.

"आरं येड्या, ब्रेक," मामा ओरडले. "ब्रेक दाब आदी. काय चाललंय तुझं? गुरं हाकतो का गाडी? त्या पायात जीव हाय का न्हाई तुझ्या?"

गाडी थांबली. मग मामांनी उजवा हात टाकून माझा डावा गुडघा पकडला. त्यांचा स्वतःचा डावा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्यांनी माझा वापरला.

"आता सोड. हळू. मी सोडतो तसा सोड. निम्मा म्हणलं, सगळा न्हाई, गाढवा. थांब. आयकू येतं का? इंजिनाचा आवाज बसला. दांडा थरथरतोय बघ. हितं क्लचनं गाडी धरली. आता हितून हलू नको. ब्रेकवरचा काढ."

"मागे जाईल, मामा."

"न्हाई जात. काढ म्हणतो ना."

मी पाय काढला. गाडी मागे गेली नाही. कालव्याच्या त्या चढावर, चार कॅन दूध आणि दोन माणसं घेऊन ती जागच्या जागी थरथरत उभी राहिली, ना पुढे ना मागे. आयुष्यात पहिल्यांदा मला क्लच कुठं धरतो ते कळलं, तेही तळव्याला नाही, गुडघ्याला, कारण त्यावर मामांचा हात होता. मग रेस दिली आणि गाडी चढून गेली. दुधाचा एक थेंब उसळला नाही.

पूल ओलांडला. मग मामा खाली बघत म्हणाले, "पावणं, तोंडातनं गेलं. मनावर घेऊ नका."

मला त्या क्षणी जो आनंद झाला होता तो लायसन्स मिळालं तेव्हाही झाला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि समोरचा रस्ता धूसर दिसत होता, जे शिकाऊ माणसाला बरं नव्हे.

"मामा," मी म्हटलं, "दुसरा गिअर कुठंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच दिवस साठलेलं सगळं त्यांच्या तोंडावर आलं. "पाच दिस पहिल्यातच मारतोय व्हय रं तू?" आणि डेअरीपर्यंत त्यांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. डेअरीच्या दारात उतरल्यावर मात्र त्यांनी टोपी सारखी केली आणि लोकांना सांगितलं, "आज पावण्यांनी झकास आणली गाडी."

तेव्हापासून असाच नियम पडला आहे. पिकअपच्या बाहेर मी पावणं आणि तुमी. दार लागलं की तू आणि येडा.

मामांचा पाय आता बरा आहे. मेहुणा परत आला आहे आणि पुढच्या वर्षी क्लच नसलेली गाडी घ्यायची म्हणतो, त्याबद्दल रोज बोलणी खातो. मी जमेल त्या शनिवारी राजुरीला जातो आणि दूध मी नेतो म्हणतो. कालव्याच्या चढावर गाडी उचलणं मला आता चांगलं जमतं. एका दमात, वीतभरही मागे न येऊ देता. बायकोनंही शेजारी बसून खात्री करून घेतली आहे.

गेल्या शनिवारी चढावर मेंढरं नव्हती, समोरून कुणी येत नव्हतं, वाट माथ्यापर्यंत मोकळी होती. मी मध्यावर थांबलो आणि गाडी वीतभर मागे येऊ दिली.

"आरं येड्या," मामा म्हणाले, "म्होरं कोण हाय? कशाला थांबला?"

"चुकलं, मामा," मी म्हटलं.