देव्हाऱ्यातली पॉलिसी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हळद-कुंकवाचे डाग पडलेला तो कागद मला आजही आठवतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. देवळाली कॅम्पचे एक निवृत्त गुरुजी तो कागद घेऊन आले. पत्नीसह अमेरिकेत मुलीकडे गेले असताना बाई जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्याला प्रवास विम्याची पॉलिसी दाखवली, तर कंपनीने कळवलं की या नंबरवर भलत्याच माणसाचं नाव आहे. घरासाठी साठवलेले सगळे पैसे जावयाने बिलात घातले.

"पैशांचं सोडा, साहेब," गुरुजी म्हणाले. "पैसे वाचवायला मीच खोटा कागद आणला, असं जावयांना वाटतं. मुलगीही फोनवर धड बोलत नाही."

त्यांना पॉलिसी देणाऱ्या विमा एजंटाला बोलावलं. तो शांत होता. "टायपिंगची चूक असेल, साहेब." अशा माणसावर आवाज चढवून उपयोग नसतो. चहा पाजला आणि जाऊ दिलं.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या ऑफिसशेजारच्या झेरॉक्सवाल्याने हवालदाराला खबर दिली, "एकाच पॉलिसीवर नावाची पट्टी बदलून झेरॉक्स काढतो तो." नुसती खबर कोर्टात टिकत नाही. एजंटाची आणखी तीन गिऱ्हाइकं शोधून पंचनाम्यासह पॉलिसी ताब्यात घेतल्या. तिन्ही देव्हाऱ्यातून निघाल्या. पासपोर्टबरोबर देवापुढे ठेवून, हळद-कुंकू वाहून प्रवासाला नेलेल्या आणि परत तिथेच ठेवलेल्या. वाचली कोणीच नव्हती.

चारही कागद एजंटापुढे मांडले. नंबर एकच. तो म्हणाला, "सुखरूप परत आलेला माणूस पॉलिसी कशाला बघतो, साहेब?" त्या वाक्याची चीड अजून गेलेली नाही. पण माणसं त्याने बरोबर ओळखली होती.

तेव्हापासून परदेशी निघालेल्या प्रत्येकाला मी बजावतो, विमा काढाच, आणि कंपनीत फोन करून नंबर तपासा. मग खुशाल हळद-कुंकू वाहा.

एजंटावरच्या दोषारोपपत्राची एक प्रत गुरुजींनी अमेरिकेला पाठवली, दुसरी घरी ठेवली. महिन्याभराने ते पुन्हा ठाण्यात आले. जावयाने स्वतः फोन करून माफी मागितली होती. सांगताना त्यांचे डोळे भरले, आणि खरं सांगतो, माझेही.

"तुमच्याकडची प्रत कुठे ठेवलीत?" मी विचारलं.

"देव्हाऱ्यातच," गुरुजी म्हणाले. "पण या वेळी आधी दोनदा वाचली."