गुरुवारचं बंद दार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही, आणि — ऐका, हसू नका — गुडघे टेकून देवालाही धड सांगितलेलं नाही. त्याच्यापुढे बसले की मी घाईघाईनं दुसऱ्यांच्या आजारपणांची यादी सुरू करते. तो सगळं ऐकून घेत असेल, आणि माझी यादी संपायची वाट पाहत असेल, असं वाटतं. मग मी आमेन म्हणून उठते.

आत्ताही अक्षर वाकडं येतंय. तुम्ही म्हणाल, बाईचं वय झालं. नाही हो. भीती आहे ती. सतरा वर्षं झाली, जात नाही.

सदरमधल्या आमच्या मंडळीत मी सुवार्तेच्या कामावर होते. म्हणजे खांद्याला पिशवी, पिशवीत चित्रं आणि गाण्यांची वही, आणि वस्त्यावस्त्यांतून घरभेटी. प्रभूचे चार शब्द सांगायचे, कुणाचं पत्र वाचून द्यायचं, कुणाला दवाखान्यात न्यायचं. लोक मला मिशनबाई म्हणत. घरी नवरा होता. छापखान्यात खिळे जुळवणारा चांगला धडधाकट माणूस, बेचाळिसाव्या वर्षी लकव्यानं अंथरुणाला खिळला. दर दोन तासांनी त्याची कूस बदलून द्यावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. दिवसा शेजारच्या शांताबाई त्याच्याजवळ बसत, म्हणून मला बाहेर पडता येई. रात्र सगळी माझी. दोन वर्षं मी सलग दोन तासांच्या वर झोपले नव्हते. हे सबब म्हणून सांगत नाही. म्हणजे — सांगतेच आहे की काय? शी!

थकले, असं म्हणता येत नव्हतं का? येत होतं की. कुणी तोंड शिवलं होतं? पण आमच्या पाळकीणबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी, नगरकडच्या, ताठ आणि मायाळू, पहाटे चारला प्रार्थनेला उठणाऱ्या. त्यांचं आवडतं वाक्य, ‘गंजण्यापेक्षा झिजलेलं बरं.’ आणि मला सगळ्यांसमोर उभं करून म्हणायच्या, ‘बघा, घरी एवढा क्रूस, तरी ही बाई एक घर चुकवत नाही.’ मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं. वस्तीतल्या बायकांना मीच चित्र दाखवून सांगत असे, देवानंसुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला. बायका हसायच्या. ‘त्याले सासू नसंन, बाई!’ मीही हसायचे, आणि पुढच्या घरी जायचे.

त्यांतली जी सगळ्यात जोरात हसायची, ती सुमन. गांधीबागेत कापडबाजाराच्या मागे एक बोळ आहे, तिथं तिचं घर. बावीस वर्षांची. नवरा बाजारात कापडाच्या गाठी उचलायचा, सासू घरी. पहिलं मूल पोटातच गेलेलं, आता दुसऱ्यांदा सातवा महिना. पायांवर सूज, तोंडावर सूज, सारखं डोकं दुखायचं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला बजावलं होतं की या पोरीला गुरुवारी डॉक्टरीणबाईंना दाखवायलाच हवं, त्या गुरुवारीच येतात, तीनपर्यंत बसतात. सासू तिला एकटीला बाहेर सोडत नव्हती. माझ्यावर मात्र विश्वास. ‘मिशनबाई नेत असंन तं जाय.’ म्हणजे मी गेले तर ती जाणार. मी नाही गेले तर नाही. इतकं सरळ होतं ते.

ज्या गुरुवारी तिला न्यायचं ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, तिनं माझ्याकडे नीट पाहिलं होतं. म्हणाली, ‘बाई, तुमी झोपत नाई का वं रातच्या?’ कधी नव्हे ते मी सांगून टाकलं, नवऱ्याचं, कुशीचं, सगळं. तिनं आपल्या सुजलेल्या हातांनी माझं डोकं चेपून दिलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बांगलादेशच्या लढाईच्या पुढचा उन्हाळा. गुरुवारी दहाला मी घरून निघाले. चर्चच्या मागे रविवारच्या शाळेची खोली होती, चित्रं तिथं ठेवलेली असत, किल्ली माझ्याजवळ. दगडी भिंती, आत गारवा. चित्रं घ्यायला म्हणून आत गेले. कोपऱ्यात सतरंज्यांची थप्पी होती. मी आतून कडी लावली. पाचच मिनिटं पाठ टेकू म्हटलं. जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते.

घरी गेले. नवऱ्यानं त्याच्या अर्ध्या तोंडानं विचारलं, आज कुणाकडे? मी म्हटलं, सुमनकडे. त्यानं डाव्या हातानं माझा हात थोपटला. आता सांगा, कसं बोलायचं?

शुक्रवारी का गेले नाही? शनिवारी? डॉक्टरीणबाई गुरुवारीच येतात, मग आता जाऊन काय उपयोग, पुढच्या गुरुवारी नेऊ — असं मनाला सांगितलं. खरं तर तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

रविवारी उपासनेनंतर महिला मंडळ. तिथं कामावरच्या प्रत्येकीनं उभं राहून आठवडाभराच्या घरभेटी सांगायच्या, ही रीत. समोर शांताबाई बसलेल्या. मी गुरुवारी दहाला निघाले आणि साडेचारला आले, हे त्यांना पक्कं ठाऊक. नवऱ्याचं दुखणं पुढे करायची सोय नव्हती. पाळकीणबाईंनी विचारलं, ‘आणि ती सुमन? दाखवलीत का?’ माझ्या तोंडून निघालं, ‘गेले होते. दार बंद होतं.’

दारच का सुचलं? त्या दिवशी मी बंद केलेलं एकच दार होतं, माझ्या खोलीचं. तेच जिभेवर आलं असेल.

आणि सांगून बसल्यावर — अरे देवा! — मला आमची दुसरी रीत आठवली. कुणी बंद दार सांगितलं की दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून त्या दारापुढे जायचं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून प्रार्थना करायची. ही रीत मी स्वतः चालवत होते. मीच कशी विसरले? पाळकीणबाई म्हणाल्या, ‘उद्या सकाळी मी येते तुमच्याबरोबर.’

सोमवारची ती सकाळ. रिक्षा गांधीबागेशी सोडून आम्ही चालत निघालो. हातगाड्या, गाठी, हमालांची आरडाओरड, आणि पाळकीणबाई शांतपणे पुढे. ‘बाई, गुरुवारी काहून नाई आल्या?’ असं सुमननं म्हटलं की संपलं. मंडळीत तोंड दाखवायला जागा नाही, काम जाईल, आणि त्या अंथरुणावरच्या माणसाला कळेल की त्याची बायको खोटारडी आहे. मी चालता चालता प्रार्थना करत होते. काय प्रार्थना करत होते, विचारा. पोरीला बरं वाटू दे? नाही. मी म्हणत होते, प्रभू, आज ते दार खरंच बंद असू दे. कुणी घरात नसू दे. चौदा वर्षं मी लोकांची दारं उघडावीत म्हणून प्रार्थना केली होती, आणि त्या दिवशी जितक्या कळकळीनं मागितलं तितकं कधीच मागितलं नव्हतं.

दार उघडं होतं. सुमन जमिनीवर पडलेली, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजलेला. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली. पाळकीणबाई सासूला म्हणाल्या, ‘अहो, या गुरुवारी आल्या होत्या ना हिला न्यायला. दार बंद होतं म्हणे.’

सासू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘बंद? कोणाचं दार बंद होतं जी? हे तं सकाळपासून चपला घालून उंबऱ्यावर बसली होती.’

सुमननं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं ते मला ठाऊक नाही, पण तिनं ते वाचलं. पत्र वाचता येत नव्हतं पोरीला, तरी तिनं ते वाचलं.

‘बंदच होतं, मामी,’ ती सासूला म्हणाली. ‘तुमी नळावर गेल्या होत्या तवा. वाट पाहून पाहून मले झोप आली, मीच कडी लावून झोपली. बाई आल्या असंन, मले नाई आयकू आलं.’

‘खोटं काहून बोलते वं?’

‘खोटं नाई. झोपली होती मी.’

आणि मी काय केलं? मी सुटकेचा श्वास सोडला. ती तशी पडलेली, आणि मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की वाचले बाई! हे लिहितानाही मान वर होत नाही.

पाळकीणबाईंनी तिथल्या तिथं रिक्षा आणवली, दवाखान्यात नेलं. मूल त्याच दिवशी गेलं, पोटातच. मुलगा होता. सुमन वाचली. निरोप धाडून बोलावलेल्या डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या, ‘गुरुवारी आली असती तर —’ पाळकीणबाई खाटेशी बसून तिला हळू आवाजात समजावत होत्या की बाळ, दार ठोठावणाऱ्याला असं परत पाठवू नये. सुमन छताकडे बघत ऐकत होती. मी तिथंच उभी होते, हातात पेजेचा डबा धरून. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

सासूनं बोळभर केलं, ‘झोपा काढल्या अन् लेकरू खाल्लं.’ पुढे नवराही तेच म्हणू लागला. दोनेक महिन्यांनी तिला मौद्याकडे माहेरी धाडून दिलं, ते परत आणलंच नाही. पुढे त्यानं दुसरी केली. मी त्या बोळात पुन्हा पाऊल टाकलं नाही. माझी वस्ती बदलून मागितली. कारण काय दिलं? नवऱ्याची तब्येत. या वेळी ते चाललं.

तिचं माहेरचं गाव मला ठाऊक आहे. बस जाते. नवरा गेल्यावर एकदा मी त्या बसमध्ये बसले, तिकीट काढलं, आणि गाडी सुटायच्या आत उतरले. तिनं काही म्हटलं असतं म्हणून नव्हे. तिनं पुन्हा माझं डोकं चेपून दिलं असतं तर? त्याची भीती वाटली.

पाळकीणबाईंनी त्या गोष्टीचा धडा केला. कामावर नवी मुलगी आली की तिला सांगतात, बंद दाराशीही न थकता जाणारी आमची बाई, आणि झोपेपायी लेकरू गमावलेली एक अभागी पोर. माझ्याकडे बोट दाखवून सांगतात. मागच्या वर्षी कामावरून माझ्या निरोपाच्या दिवशी मला शाल घातली, तेव्हाही सांगितली. मी मान खाली घालून बसले, आणि सगळ्यांना वाटलं ही नम्रता.

एक राहिलं. वर मी लिहिलं की जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. बघा, कबुली द्यायला बसले तरी खोटं सुटत नाही.

मला आधी एकदा जाग आली होती. भिंतीवर घड्याळ होतं, एक वाजून दहा मिनिटं झाली होती. डॉक्टरीणबाई तीनपर्यंत बसतात हे मला माहीत होतं. रिक्षानं गांधीबाग वीस मिनिटं. ती वाट बघत असेल हेही माहीत होतं. मी पूर्ण जागी होते. मनात स्पष्ट आलं, बघू दे वाट. सगळ्यांना मीच लागते.

आणि मी कूस बदलली.